डाव्या गालाचा वांधा

माझा डावा गाल नाशकातल्या एका कॉलेजात शिकवायला वापरतात. थट्टा नाही. तिथल्या पोरापोरींनी तो आतून पाहिलाय, भिंतीएवढ्या पडद्यावर. मी लासलगावच्या मार्केटात कांद्याचे लिलाव पुकारणारा माणूस. उभा जन्म ओरडण्यात गेला. माझ्या आवाजापेक्षा माझा गाल जास्त नाव काढेल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला ट्रॉलीवरून खाली ढकललं असतं. स्वभाव जरा तापटच आहे माझा.

आमचं काम कसं चालतं ते आधी सांगतो. ट्रॅक्टर रांगेनं उभे असतात, शेतकरी आपापल्या ट्रॉलीवर चढलेला असतो. मी पुढं, व्यापाऱ्यांचं टोळकं मागं. एकेका ट्रॉलीपाशी थांबायचं. व्यापारी कांदा उचलतात, दाबतात, सालं फुंकून उडवतात, मग बोली सुरू होते आणि मी ती वर चढवत नेतो. एक वार, दोन वार, तीन वार, की पुढची ट्रॉली. माझं ‘तीन वार’ पार रेल्वेच्या मालधक्क्यापर्यंत ऐकू जातं म्हणतात. आणि हे सगळं डाव्या गालात तंबाखूचा बार धरून. उजवी बाजू बोलायला मोकळी ठेवायची, हे मी कामाला लागल्या लागल्याच शिकलो. दोन ट्रॉल्यांच्या मध्ये कुणी ना कुणी हात पुढं करायचा, मी चंची सोडायचो, चुना लावून मळायचो आणि अर्धी चिमूट त्याची, अर्धी माझी. मार्केटातल्या निम्म्या ओळखी माझ्या या चंचीनं झाल्या.

आमच्यात एक शब्द आहे, वांधा. ट्रॉली वरून झकास दिसते, बोली होते, आणि व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल ओतला की खालून बारीक गोल्टी, सडका, ओला कांदा निघतो. मग व्यापारी वांधा काढतो आणि भांडण लागतं. म्हणून मुरलेला व्यापारी वरच्या कांद्याकडे बघतच नाही, कोपरापर्यंत हात खुपसून खालचा काढतो. शेतकरीसुद्धा काही कमी नसतो. वरचा थर हातानं निवडून, पुसून लावतो. रोज हेच बघत आल्यामुळं माझ्या डोक्यात जे शिरलं, त्यानं पुढं सगळा घोळ केला.

सुरुवात ठेच्यापासून झाली. आमच्या घरी हिरव्या मिरचीचा ठेचा नसला तर जेवण झालं असं मी धरत नाही. एक दिवस पहिला घास तोंडात टाकला आणि डावा गाल असा पेटला, की मी ताटावरून उठलो. उजवीकडं काही नाही, नेहमीचं झणझणीत. डावीकडं नुसता जाळ. मी बायकोवर खेकसलो, म्हटलं मिरच्या कुठल्या आणल्यास. ती शांतपणे म्हणाली, “मी पण त्योच खातीय. माझं काय नाय जळत.”

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिनं मला ओट्याजवळ बसवलं, मोबाईलचा दिवा लावला आणि दोन बोटांनी गाल ताणला.

“पांढरं दिसतंय,” ती म्हणाली. “भिंतीला पोपडा धरतो ना, तसं.”

“चुना असेल, तंबाखूतला.”

तिनं पदराचं टोक ओलं करून पुसलं. गेलं नाही. पुन्हा पुसलं, तरी नाही. मग तिनं दिवा बंद केला आणि म्हणाली, डॉक्टरला दाखवायचं. मी सीझन पुढं केला, उन्हाळ कांद्याची आवक किती आहे ते सांगितलं.

“उन्हाळ कांदा दरसाल येतो,” ती म्हणाली. “तुमी येकदाच आलाय. नाशिकला जायाचं.”

झालं, जायचं ठरलं. आणि इथं माझ्या डोक्यातला लिलाव सुरू झाला. डॉक्टर तोंडात बघणार म्हणजे माल वरून नीट दिसायला हवा. मी तंबाखू थांबवली. तेवढ्यावर राहिलो असतो तर बरं होतं. न्हाणीघरात नळ मोठा सोडून, बायकोला कळू न देता, मी मीठ आणि तुरटी घेऊन कडक ब्रशनं तो पांढरा डाग घासायला लागलो. सकाळ-संध्याकाळ. तांब्याचं भांडं घासावं तसा घासला. जायच्या दिवशी आरशात पाहिलं, तर पांढरं बरंच कमी आणि गाल छान लालबुंद. मी मनातल्या मनात खूश. म्हटलं, आता काढून दाखवा वांधा.

दातांच्या कॉलेजातली डॉक्टर माझ्या पुतणीच्या वयाची. बोलायला गोड, पण डोळा पक्का. मला खुर्चीत आडवं केलं, आरसा तोंडात घातला.

“काका, तंबाखू कधीपासून?”

“सोडली.”

“कधी?”

“परवा.”

ती मास्कच्या आत हसली. मग हसू थांबलं. तिनं दिवा जवळ ओढला, गाल इकडून तिकडून ताणून बघितला, कापडाच्या बोळ्यानं टिपला, आणि म्हणाली, “पांढरा डाग कळला. पण हे एवढं लाल कशानं?”

मी छताकडं बघत राहिलो.

“काका, पांढऱ्यात लाल दिसलं की आम्हाला जास्त काळजी वाटते. खरं सांगा, काही लावलंत का?”

“थोडं साफ केलं,” मी म्हटलं. “तुरटीनं.”

कोपऱ्यात उभी असलेली माझी बायको पुढं आली. “साफ केलं? म्हंजी? अहो, माणूस हाय का ट्रॉली हाय? वरचा थर लावून दाखवताय डॉक्टरीणबाईला?”

डॉक्टरला काही कळेना. मग बायकोनंच तिला सगळं सांगितलं, शेतकरी वरचा थर कसा निवडतो, व्यापारी खाली हात कसा घालतो, वांधा म्हणजे काय, अगदी रंगवून. ती पोरगी इतकी हसली की मास्क हनुवटीवर आला. शेजारच्या खुर्चीतला पेशंट तोंडात नळी असून हसला. मी मात्र तापलो होतो. पैलवानाला धोबीपछाड बसावी तसं वाटत होतं.

हसून झाल्यावर तिनं नीट सांगितलं. असा डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. बरेचसे डाग कॅन्सर होतही नाहीत. पण काही होतात, आणि कुठला होणार हे वरून बघून कळत नाही, तुकडा काढून तपासावा लागतो. तो काढायचा तर जिथं सगळ्यात वाईट असेल तिथला काढायचा. “आणि आता यातलं लाल आजाराचं किती आणि तुमच्या तुरटीचं किती, हे मला ओळखता येत नाही. दोन आठवडे तोंडाला हात लावायचा नाही. तंबाखू नाही, तुरटी नाही, ब्रश मऊ. मग या.”

मी उठता उठता विचारलं, “आणि कॅन्सर निघाला तर?”

“तर गालाचा तेवढा भाग काढावा लागतो. कधी कधी जबड्याचाही.”

“मग बोलणं?”

तिनं आरसा खाली ठेवला. “बोलणं बदलतं, काका. तोंड पूर्वीइतकं उघडत नाही.”

मला बाकीचं काही ऐकू आलं नाही. मी मरणाला घाबरलो नाही असं म्हणणार नाही, पण आधी घाबरलो ते त्या ‘तीन वार’ला. तोंड उघडलं नाही तर मी मार्केटात उभा कशाला राहू? बाहेर बाकावर बसलो. बायकोनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली, माझं पिऊन होईपर्यंत हात माझ्या पाठीवर ठेवला, आणि म्हणाली, “चला. पंचवटीत मेथी स्वस्त मिळंल.” मेथीच्या दोन जुड्या घेऊन आम्ही एसटीनं परतलो.

ते दोन आठवडे म्हणजे तमाशा होता. हात आपोआप खिशात जायचा. बायकोनं माझी चंची धुऊन, वाळवून तिच्यात भाजलेली बडीशेप आणि जवस भरून ठेवलं होतं. दोन ट्रॉल्यांच्या मध्ये नेहमीप्रमाणे हात पुढं आले आणि मी त्यावर बडीशेप ठेवली. एका जाड्या व्यापाऱ्याला, जो माझ्या चंचीवर अर्धं आयुष्य जगला, हा अपमानच वाटला. “काय रे, जेवण झालं का आमचं?” म्हणाला. मी चिडून म्हटलं, “खायची तर खा, नाहीतर बोली वाढव.” त्यानं बडीशेप खाल्ली आणि तोंड वाकडं करून बोली वाढवली. तंबाखूशिवाय माझा आवाज अजून मोकळा झाला होता, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. माझ्याही आलं. म्हणूनच तर जास्त भीती वाटायची. एवढं चांगलं चाललंय आणि हेच गेलं तर, असं वाटून प्रत्येक ‘तीन वार’ मी जरा लांबवायला लागलो. शेतकरी खूश, व्यापारी वैतागले.

पुन्हा नाशिकला गेलो. तुरटीचं लाल पार निवळलं होतं. पांढरा डाग होता तिथंच होता, आणि त्याच्या पुढच्या कडेला, ओठांच्या कोपऱ्याच्या आत, मसुराच्या डाळीएवढा एक लाल ठिपका तेवढा उरला होता.

“हा खरा,” डॉक्टर म्हणाली. ती खुशीत होती. “काका, तुम्ही घासलं नसतं तरी हाच निघाला असता. फक्त दोन आठवडे वाचले असते.” तिनं सुई टोचून गाल बधिर केला आणि त्या ठिपक्यातून तांदळाएवढा तुकडा काढला. खालपर्यंत हात घातला म्हणा ना. मला काही दुखलं नाही, पण बायकोनं माझं मनगट इतकं दाबलं होतं की तेच जास्त दुखलं.

पहिला रिपोर्ट आला. कॅन्सर नाही, पण पेशी बिघडायला लागल्यात, बिघाड मधल्या पायरीचा. ना इकडं ना तिकडं. मी म्हटलं, हे काय, सौदा झाला की नाही झाला? डॉक्टर म्हणाली, अजून एक तपासणी करू या. पेशींच्या आत काही खुणा असतात, त्या रंगवून बघता येतात. त्यानं भविष्य कळत नाही, पण आज आत काय चाललंय ते जास्त नीट कळतं आणि किती काढायचं, किती नजर ठेवायची हे ठरवायला मदत होते.

त्या खुणांची नावं ऐकून मला एसटीच्या गाड्यांचे नंबर आठवले. एक पी-५३, दुसरी केआय-६७. मी म्हटलं, पोरी, मला कळेल असं सांग. आणि खरंच तिनं सांगितलं. पी-५३ म्हणजे पेशीतला राखणदार. पेशी बिघडली की तिला अडवायचं काम त्याचं. तोच बिघडला तर बऱ्याचदा नुसता साचत जातो, काम काही करत नाही, आणि रंग टाकला की पेशीचा गाभा तपकिरी दिसतो. दुसरी खूण कुठल्या पेशी नव्या पेशी जन्माला घालायच्या तयारीत आहेत ते दाखवते. गालाच्या कातडीत थरावर थर असतात. नव्या पेशी जन्मायच्या त्या तळाच्या ओळींत. वरच्यांनी फक्त म्हातारं होऊन गळून जायचं. तळाचं काम वर सुरू झालं, तर वांधा. हा शब्द तिनंच वापरला, आणि माझ्या बायकोकडं बघून हसली.

मी हट्ट धरला की मला बघायचंय. माझा माल, मी बघणार. तिनं नाही म्हणायचं सोडून, “या ना, पोरं पण शिकतील,” म्हटलं. ठरल्या दिवशी आम्ही गेलो, तेव्हा खोलीत शिकणारी पोरंपोरी दाटीवाटीनं उभी होती आणि बायकोला पुढची खुर्ची दिली होती. माझा तो तांदळाएवढा तुकडा मेणात बसवून, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून काचेवर लावले होते. शेजारच्या काचेवर दुसऱ्याच कुणाच्यातरी टॉन्सिलचा काप होता, रंग बरोबर चढलाय की नाही ते ताडून बघायला. भुईकाटा बरोबर आहे का ते आधी ओळखीच्या वजनानं बघतात, तसंच. हे मला एकदम पटलं. ज्याचा काटा बरोबर, त्याच्याशी भांडायचं कारण नाही.

पडद्यावर माझा गाल आला, त्या दुसऱ्या खुणेसाठी रंगवलेला. निळ्या शेतात तपकिरी ठिपके. खरं सांगतो, सुंदर होतं. मी एवढी वर्षं ज्याच्यात तंबाखू कोंबली ते असं असेल, माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी पडद्याच्या तळाकडं बघत होतो आणि मग हळूहळू वर, जसा ट्रॉलीत हात घालून खालून वर येतो.

तळाला तपकिरी रांग. तिच्यावर थोडे. मग निळंच निळं. आणि उजव्या कोपऱ्यात पाच-सहा ठिपके वर चढून बसलेले.

“ते,” मी बोट दाखवलं. “ते वरचे.”

“हो,” डॉक्टर म्हणाली. “ते मला आवडले नाहीत. राखणदाराची काच पाहिली, तोही तिथं थोडा साचलाय. पण तेवढ्याच जागी. बाकी सगळीकडं तळाचे तळात आहेत.” तिनं माझ्याकडं वळून सांगितलं, की नुसतं बघत बसण्यापेक्षा हा अख्खा डाग काढून टाकू या, गाल जागेवर राहील. काढलेला सगळा तुकडा पुन्हा तपासायचा, त्यात काही लपलंय का बघायचं, आणि मग दर काही महिन्यांनी तोंड दाखवायला यायचं, कायमचं. “तोपर्यंत मी पैज लावणार नाही,” ती म्हणाली.

माझी बायको पडद्याकडं टक लावून बसली होती. “हे वर चढलेले,” तिनं विचारलं, “यांना खाली नाय घालता येत?”

पोरं हसली. डॉक्टर हसली नाही. “नाही, मावशी. पण काढता येतात.”

काढले. गाल बधिर करून, तासाभरात. मग वाट बघायचे दिवस. ते मी कसे काढले ते विचारू नका. गार दूध, गार पेज, आणि बोलायची बंदी. बोलायची बंदी मला. बायको म्हणाली, लग्न झाल्यापासून एवढी शांतता तिला पहिल्यांदाच मिळाली. पण तिच्याही डोळ्याला डोळा लागत नव्हता, मला कळायचं ते. मार्केटातला तो जाड्या व्यापारी घरी येऊन गेला. घटकाभर बसला, आणि जाताना बडीशेपेची पुडी ठेवून गेला.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टर दारातच उभी होती. आम्ही जिना चढत असतानाच तिनं वरून सांगितलं. “काका, कॅन्सर कुठंच नाही. कडा सगळ्या साफ.” मी जिन्यात मटकन खाली बसलो आणि ढसाढसा रडलो, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, अगदी लहान मुलासारखा. बायकोचेही डोळे भरले होते, तरी तिनं मला दंडाला धरून हलवलं. “रडू नका हो. टाकं उसवतील.”

पण तोंड आखडलं होतं. जखम भरताना आवळतं म्हणे. आईस्क्रीमच्या काड्यांसारख्या लाकडी पट्ट्या दिल्या होत्या, त्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या आणि रोज एखादी वाढवायची. मी ओसरीत बसून पट्ट्या दातांत धरून लिलाव पुकारायचो. “हेक हार, होन हार.” शेजारची मंडळी पोट धरून हसायची. मी रागानं पट्टी फेकायचो, बायको उचलून धुऊन परत हातात द्यायची, आणि वर म्हणायची, “ट्रॉली उभी हाय, पुकारा.”

पुन्हा मार्केटात गेलो तो लाल कांद्याचा हंगाम होता. पहिल्या ट्रॉलीपाशी मी उभा राहिलो, मागं टोळकं उभं. बोली चढली, थांबली. मी तोंड उघडलं. एक वार. दोन वार. डावीकडं जरा ओढलं. मग जे ‘तीन वार’ निघालं, ते म्हणे मालधक्क्यावरच्या हमालांनी मान वर करून ऐकलं. जाड्या व्यापारी हात पुढं करून उभा होता. मी चंची सोडली नाही. म्हटलं, आधी तोंड उघड. तो चिडला, पण उघडलं त्यानं. आता मी सगळ्यांना तसंच म्हणतो. दोघा-तिघांना नाशिकला धाडलंय. मला डोळा नाही त्यातला, पण पांढरं दिसलं आणि पुसून गेलं नाही, एवढं कळायला डोळा कशाला लागतो?

त्याच दिवशी घरी आलो, हातपाय धुतले, ताटावर बसलो. बायकोनं भाकरी वाढली आणि तिच्या कडेला, कितीतरी महिन्यांनी, हिरवागार ठेचा ठेवला. स्वतः वाढून न घेता समोर बसून राहिली. मी घास घेतला आणि मुद्दाम डावीकडं नेला. चावलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

ती उठली. मोबाईल तिनं आधीच पदराखाली धरला होता, दिवा लावून. “झोंबतंय का? कुठं झोंबतंय?”

मला पटकन बोलता येईना. मी बोटानं डावा गाल दाखवला, मग उजवा, मग जीभ.

“सगळीकडं,” मी म्हटलं. “सारखंच.”

तिनं दिवा बंद केला, खाली बसली आणि स्वतःचं ताट ओढून घेतलं.